रीफ टँकची अल्कलिनिटी टिकत नाही, डोसिंग कसं करावं?

तुम्ही लिहिलंय की रीफ टँक (खाऱ्या पाण्यात जिवंत कोरल ठेवायची टँक) २०० लिटरची आहे, एप्रिलपासून अल्कलिनिटी (कोरल ज्यातून सांगाडा बांधतात तो पाण्यातला कार्बोनेटचा साठा, डीकेएच या एककात मोजतात) कधी ७ तर कधी १० डीकेएच येते, सोड्याचं आणि कॅल्शियमचं अशी दोन्ही द्रावणं रोज अंदाजाने टाकता आणि कोरलची टोकं पांढरी पडून राहिली आहेत. माझी टँकही नागपुरातच आहे. डोसला हात लावण्याआधी खारटपणा मोजा.

आपला उन्हाळा याला कारण आहे. नवतपात माझ्या टँकमधून दिवसाला पाचेक लिटर पाणी सहज उडतं. उडतं ते नुसतं पाणी, मीठ टँकमध्येच राहतं. २०० लिटरमधून ५ लिटर गेले की ३५ चा खारटपणा (हजार भागांत ३५ भाग मीठ) ३६ च्या जवळ जातो, दोन दिवस टॉप-अप (उडालेलं पाणी भरणं) राहून गेला की ३७ च्या. तेव्हा ४२० पीपीएम (दहा लाखांत ४२० भाग) कॅल्शियम किटवर ४४० च्या आसपास दिसतं. तुम्ही डोस कमी करता. मग दहा लिटर पाणी एकदम ओतता, आकडे उतरतात, तुम्ही डोस वाढवता. कोरलनी खरंच किती खाल्लं हे यात कळतच नाही. ७ ते १० एवढी उडी एकट्या उन्हाने येत नाही, ती अंदाजाच्या डोसने येते. पण अंदाज चुकायला सुरुवात इथूनच होते. खोलीत कूलर लावला की हवा दमट होते आणि पाणी कमी उडतं, म्हणून टॉप-अपचं रोजचं माप बांधून चालत नाही. पातळी पाहून, थोडं थोडं घाला. पाणी शून्य टीडीएसचं, म्हणजे विरघळलेले क्षार नसलेलं हवं. घरच्या पिण्याच्या आरओचं नको.

खारटपणा ३५ वर स्थिर झाला की अल्कलिनिटी ८.५ च्या आसपास आणा, पण दिवसाला एक डीकेएचपेक्षा जास्त वाढवू नका. मग तीन दिवस काहीही न टाकता रोज ठरल्या वेळी मोजा. समजा ८.५ ची ७ झाली, तर रोजचा खप अर्धा डीकेएच. २०० लिटरला एक डीकेएच वाढवायला साधारण ६ ग्रॅम खायचा सोडा लागतो (बेकिंग पावडर नव्हे), म्हणजे तुमचा रोजचा डोस ३ ग्रॅम. एक डीकेएचबरोबर सुमारे ७ पीपीएम कॅल्शियम खपतं, त्या हिशेबाने कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट अडीच ग्रॅमच्या थोडं वर. दगड-वाळूने व्यापलेली जागा वजा करून खरं पाणी धरा.

दोन्ही द्रावणं एकाच जागी, एकापाठोपाठ टाकू नका. सुरुवातीच्या काळात मी सम्पमध्ये (टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) दोन्ही लागोपाठ ओतली होती. बघता बघता पाणी ताकासारखं पांढरं झालं, आणि दुसऱ्या दिवशी हीटरवर खरखरीत थर बसला होता, बोअरच्या पाण्यात रॉडवर बसतो तसा. टाकलेलं सगळं चुना होऊन बसलं आणि अल्कलिनिटी आदल्या दिवसापेक्षाही खाली गेली. मी अजूनही सोडा सकाळी आणि कॅल्शियम रात्री देतो, तेही जोरदार प्रवाहात. मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएममध्ये आहे ना, तेही पाहा. ते कमी पडलं की असं साकळणं लवकर होतं.

आता पांढरी टोकं. फांदीवाल्या कोरलचं वाढतं टोक मुळातच फिकं असतं, त्यामुळे आधी भिंग घेऊन पाहा. टोकावर पातळ कातडी दिसत असेल तर ती वाढ आहे, तिला काही करू नका. नुसता उघडा सांगाडा दिसत असेल आणि चार-आठ दिवसांत त्यावर हिरवट शेवाळ धरलं, तर तेवढा भाग मेला. तो परत येणार नाही, पण अल्कलिनिटी स्थिर राहिली तर त्याच्या खालच्या कातडीची कड पुढे सरकणं थांबतं. मी मोबाइलने दर रविवारी त्याच कोनातून त्याच फांदीचा फोटो काढतो, कड सरकली की नाही ते त्यात लगेच दिसतं.