सायकल काढू का?

प्रश्न (जून २०२०) : वय ५६, राहणार धरमपेठ, नागपूर. कोरोनाच्या लॉकडाऊनमुळे अडीच महिने घरात बसून पोट सुटलं. मुलाची जुनी सायकल पडून आहे. बायको म्हणते, पोलीस अडवतील.

उत्तर : काढा भाऊ! ३ जून २०२०पासून राज्याने पहाटे ५ ते संध्याकाळी ७ सायकलिंगला मुभा दिली. फक्त घराजवळच, घोळका न करता. वहिनींना हेच सांगा. तरी सकाळी आठच्या आत परता, आपलं नागपूरचं ऊन कोणाची परवानगी घेत नाही. मी पहिल्याच दिवशी शहाणपणा करून सेमिनरी हिल्सचा चढ घेतला. मास्कमध्ये अशी धाप लागली, की सायकल हातात धरून खाली आलो. तुम्ही सपाटीवरच वीस मिनिटं फिरा. आणि हो, आधी ब्रेकचे रबर बघा, पडून पडून कडक झाले असतील.