काकू, पहिल्यांदाच दुबईला निघालाय, तर आधी एवढंच बघा

पासपोर्टची मुदत प्रवासाच्या दिवसापासून किमान 6 महिने हवी. तिकिटावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळवा. व्हिसा, तिकीट, विमा यांच्या छापील प्रती पर्समध्ये ठेवा, मोबाईलची बॅटरी संपली तर त्याच कामी येतात.

आता बॅग. आपल्याकडची मंडळी इथेच चुकतात. लेकासाठी मालवणी मसाला न्याल, पण त्यात खसखस आहे का ते आधी विचारा. अनारशांचंही तेच. अमिरातीत खसखस अमली पदार्थांत धरतात, चिमूटभरही नको! सुकं खोबरं विमानात चालत नाही, ते तेलकट असल्यानं तापून पेटू शकतं. आंबापोळी, कोकम खुशाल न्या. लोणचं मोठ्या बॅगेत, नीट सीलबंद.

पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेतच. गोळ्या मूळ पाकिटात, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. कोडीन (अफूच्या जातीचं द्रव्य) असलेलं खोकल्याचं औषध घरीच ठेवा.

पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या गाड्यांचा वेग कमी असतो, म्हणून रत्नागिरीहून आदल्या दिवशीच मुंबई गाठा. परकीय चलन, ट्रान्झिट (मधल्या विमानतळावर विमान बदलणं) वगैरे पुढच्या वेळी बघू. बॅग भरून झाली की वजन मला कळवा.