घिरट्या घालणारे गरुड मोजायचे कसे?

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आमचा ग्रुप नेपाळमध्ये पोखराजवळच्या थुलाखर्कला स्थलांतर करणारे गरुड मोजायला जाणार आहे. गरुड एकाच जागी गोल फिरत राहिले, तर तोच पक्षी दोनदा मोजला जाणार नाही का?

उत्तर : जाईल. म्हणून घिरट्या चालू असताना मोजूच नका. अन्नपूर्णा पर्वतरांगेच्या दक्षिणेकडच्या या डोंगरधारेवरून ऑक्टोबरअखेर आणि नोव्हेंबरात स्टेप गरुड (मोठे, तपकिरी, स्थलांतर करणारे गरुड) पूर्वेकडून पश्चिमेकडे जातात. ऊन तापलं की उतारावरून हवा वर चढते. गरुड तिच्यावर फिरत उंची गाठतात आणि मग पंख ताणून एकामागोमाग एक पश्चिमेला निघतात. तेव्हा त्यांची सुटी रांग होते; मोजायची वेळ हीच.

बसल्या जागेवरून उत्तर-दक्षिण अशी काल्पनिक रेघ ठरवा : उत्तरेला एखादं शिखर, दक्षिणेला एखादं घर किंवा झाड. रेघ ओलांडून पश्चिमेला गेला, तो एक. उलटा पूर्वेला आला, तर वेगळ्या रकान्यात लिहा आणि शेवटी वजा करा. तिथली हिमालयीन गिधाडं दिवसभर याच धारेवर ये-जा करतात. ती सरसकट स्थलांतरात धरली की आकडा फुगतो.

दोघांनी पाहायचं, तिसऱ्यानं फक्त लिहायचं. पाहणाऱ्यांपैकी एकानं डोंगराची कड धरावी, दुसऱ्यानं डोक्यावरचं आकाश. हे डोक्यावरचंच बहुतेकांकडून राहतं. निरभ्र निळाईत उंचावरचा गरुड नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे ८×४२ च्या (आठपट मोठं दाखवणाऱ्या, ४२ मिमी भिंगाच्या) दुर्बिणीनं पट्ट्यापट्ट्यानं आकाश विंचरावं लागतं. पांढऱ्या ढगावर तोच ठिपका चटकन उठून दिसतो. म्हणून दर तासाच्या नोंदीत ढग किती होते तेही हवं. एखाद्या तासात काहीच गेलं नाही, तर शून्य लिहा. रकाना कोरा ठेवला की कोणी पाहतच नव्हतं असा अर्थ निघतो.

नेपाळची वेळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे आहे. मोबाइल बहुधा आपोआप बदलतो, कॅमेऱ्याचं घड्याळ हातानं लावावं लागतं. नाहीतर फोटो आणि वही जुळत नाहीत.

प्रश्न : स्टेप गरुड उडताना कसा ओळखायचा?

उत्तर : पहिल्या वर्षाचा सोपा. पंखाखाली मधोमध लांबलचक, रुंद पांढरा पट्टा असतो. प्रौढ गडद तपकिरी. पट्टा नाही, पण पंखांची मागची कड काळपट. पिवळी जिवणी (चोचीच्या फटीची कड) डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत जाते ही खूण खरी, मात्र ती बसलेल्या किंवा अगदी जवळून जाणाऱ्या पक्ष्यात बघायची. लांबचा पक्षी ओढूनताणून ओळखू नका, ‘अनोळखी गरुड’ म्हणून लिहा. ज्या तक्त्यात हा रकाना रिकामा, त्यावर आमचा तरी विश्वास बसत नाही.

प्रश्न : धुकं चढलं तर?

उत्तर : मोजणी थांबल्याची आणि पुन्हा सुरू झाल्याची वेळ लिहा, त्या वेळेला शून्य धरू नका. ढग धारेवर टेकले असतील, पण दरी मोकळी असेल, तर नजर खाली ठेवा. गरुड तुमच्या पायाखालूनही जातात, आणि तेव्हा त्यांची पाठ दिसते.