फॅमिली गेम आणले आणि भांडणं वाढली

'मुलांबरोबर बसून गेम खेळा' हा सल्ला हल्ली पालकांना सगळीकडून मिळतो. पालकसभेत मिळतो, सोसायटीच्या ग्रुपवर मिळतो, आम्ही समुपदेशकही देतो. तो मनावर घेऊन काही आईबाबा खरंच खेळायला बसतात आणि मग माझ्याकडे येतात. "मॅडम, आम्ही सगळं केलं. चांगले गेम शोधले, पैसे घातले, रविवार मोकळा ठेवला. पण होतात ती भांडणंच. आता तर मुलं आमच्याबरोबर खेळायलाच बसत नाहीत. आमचं चुकतंय कुठे?"

हा प्रश्न इतक्या वेळा आलाय की एका घराचीच हकिगत सांगते. त्यांची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

घर कर्वेनगरमधलं. बाबा हिंजवडीत आयटीत, म्हणजे दिवसाचे दोन-अडीच तास रस्त्यावरच. आई बँकेत. थोरला मुलगा 13 वर्षांचा, धाकटी 9 वर्षांची, आणि पंचाहत्तरी ओलांडलेले आजोबा. थोरला मित्रांबरोबर फोनवर बीजीएमआय (पब्जीसारखा टीमने खेळायचा ऑनलाइन लढाईचा गेम) खेळायचा आणि त्यावरून रोज संध्याकाळी आईशी खटका उडायचा. आईच्या डोक्यात 'व्यसन' हा शब्द पक्का बसला होता. आधी तो शब्द डोक्यातून काढणं भाग होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' आहे. ही नवी यादी जानेवारी 2022 पासून लागू झाली. पण त्यासाठी खेळावर ताबा राहिलेला नसणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, आणि हे साधारण 12 महिने चालून शाळा, घर, तब्येत यांची घडी विस्कटणं, एवढं सगळं लागतं. या मुलाची झोप शाबूत होती, शाळा नीट चालली होती, संध्याकाळी ग्राउंडवर क्रिकेट होतं. गेम बंद करताना तो कटकट करायचा, इतकंच. तेराव्या वर्षी मुलं आंघोळीला जातानाही कटकट करतात.

बाबांनी यावर तोडगा काढला होता तो त्यांच्या पद्धतीने. एक्सेल शीट करून. रेटिंग, किंमत, किती जण खेळू शकतात, 'शैक्षणिक मूल्य' असे रकाने. मला ती शीट दाखवताना त्यांचा चेहरा जरा खुलला होता, म्हणून मी ती पूर्ण पाहिली. मेहनत खरी होती. हेतूही सांगून टाकला त्यांनी: "त्याला चांगल्या गेम्सची गोडी लागली की तो बीजीएमआय आपोआप सोडेल."

पहिला आणला 'ओव्हरकुक्ड 2'. चौघांनी मिळून स्वयंपाकघर चालवायचं: कोणी चिरायचं, कोणी शिजवायचं, कोणी भांडी घासायची, आणि वर ऑर्डर संपण्याचं घड्याळ पळतंय. वयाचा शिक्का 'पेगी 3'. बाबांना वाटलं, तीन वर्षांच्या मुलाला जमेल असा सोपा असणार. इथे बरेच पालक फसतात. पेगी ही युरोपातली वर्गवारी. तो आकडा गेममध्ये काय दाखवलंय एवढंच सांगतो. हिंसा, शिव्या, भीतिदायक दृश्यं वगैरे. गेम किती अवघड आहे, याच्याशी त्या आकड्याचा काही संबंध नाही. या गेममध्ये रक्ताचा थेंब नाही, पण सरकणाऱ्या ओट्यांवर चार माणसांनी एकमेकांच्या वाटेत न येता काम करायचं म्हणजे नवख्यांची तारांबळ ठरलेली. धाकटीच्या हातून भात करपला, थोरला ओरडला, बाबा थोरल्यावर ओरडले, आणि आई म्हणाली, "खरं स्वयंपाकघर कोणी आवरणार आहे का?" रविवार संपला. (याच मालिकेच्या 'ऑल यू कॅन ईट' या आवृत्तीत वेळ वाढवून देणारा मदतीचा पर्याय आहे. नवख्यांनी तो सुरुवातीलाच लावावा. त्यात कमीपणा काही नाही.)

दुसरा गेम 'इट टेक्स टू'. 2021 च्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये वर्षाचा सर्वोत्तम गेम ठरलेला, त्यामुळे शीटमध्ये सगळ्यात वर. हा गेम दोघांनीच खेळायचा, एकट्याला येत नाही. बाबा आणि थोरला खेळायला बसले, धाकटी बघायला. गोष्ट अशी की एक नवराबायको घटस्फोट घ्यायचं ठरवतात, मुलीला सांगतात, आणि मुलीच्या अश्रूंमुळे दोघं इवल्या बाहुल्या होऊन बसतात. पुढचा सगळा खेळ त्या दोघांनी एकत्र वाट काढण्याचा. गेम देखणा आहे, पण शिक्का 12 वर्षांचा. तो थोरल्याला लागू होता. शेजारी बसलेल्या नऊ वर्षांच्या मुलीचा विचार शीटमध्ये नव्हता.

सुरुवातीच्याच प्रसंगानंतर तिने विचारलं, "बाबा, तू आणि आई पण आम्हाला असंच बसवून सांगणार का?"

बाबांनी टीव्ही बंद केला. "असलं काही नसतं" म्हणाले आणि विषय संपवला. मला हे सांगितलं तेही 'चुकीचा गेम निवडला गेला' याचं उदाहरण म्हणून. मी विचारलं, "मग तिला उत्तर काय दिलंत?" दोघं एकमेकांकडे बघायला लागले.

त्या घरात तेव्हा बाबांच्या बेंगळुरूच्या नोकरीवरून वाद चालू होता. खोलीचं दार लावून, आवाज खाली ठेवून. पण पुण्यातल्या टू बीएचकेत दार लावून कितीसं लपणार? "तुला जायचं तर तू जा, मी इथेच राहणार" हे आईचं वाक्य धाकटीने ऐकलं होतं. ते मनात ठेवून ती नीट जेवत होती, शाळेत जात होती. गेमच्या निमित्ताने ते बाहेर आलं. माझ्या मते घरात आलेल्या सगळ्या गेममध्ये सर्वात मोठं काम याच गेमने केलं, आणि तो बंद केला म्हणून ते अर्धवट राहिलं.

मी त्यांना एवढंच सांगितलं: 'आम्ही भांडतच नाही' असं म्हणू नका, तिने ऐकलेलं आहे. जे खरं आहे ते सांगा. घरी जाऊन दोघांनी मिळून दोन्ही मुलांना सांगितलं, की बेंगळुरूच्या नोकरीवरून आमचं भांडण चालू आहे, काय करायचं ते अजून ठरलेलं नाही, आम्ही वेगळे होत नाही आहोत, आणि ठरलं की तुम्हाला आधी सांगू. धाकटीचा पुढचा प्रश्न होता, "मग माझ्या कथकच्या क्लासची टीचर बदलणार का?" हा प्रश्न आला म्हणजे गाडी रुळावर होती.

थोरल्याशी मी वेगळं बोलले. बाबांबरोबर खेळताना काय होतं, असं विचारल्यावर तो म्हणाला, "बाबा खेळत नाही. मी कसा खेळतो ते बघतो." आणि थोड्या वेळाने, "लेव्हल संपली की विचारतो, यातून काय शिकलास?" बीजीएमआय सोडवण्याचा बेतही त्याला पहिल्याच दिवशी कळला होता. गुळात लपवलेली गोळी मुलांच्या जिभेला लगेच लागते, आणि मग त्यांना गूळही नको होतो.

एकत्र खेळण्याचं संशोधनही पालक कधीकधी पुढे करतात. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठातला 2011 चा एक अभ्यास बराच सांगितला जातो. पालकांबरोबर वयाला साजेसे गेम खेळणाऱ्या मुलींमध्ये घराशी जवळीक जास्त दिसली, हे त्यात होतं. मुलग्यांमध्ये तसं दिसलं नाही, हेही त्यातच होतं. ते मात्र फॉरवर्ड होत नाही. शिवाय ज्या घरात आधीच बरं चाललंय तिथेच लोक एकत्र खेळत असतील, ही शक्यता उरतेच. म्हणून 'खेळा म्हणजे नातं सुधारेल' अशी हमी मी देत नाही. नातं सुधारायला म्हणून खेळायला बसलेला बाबा फार अवघडलेला असतो.

मग मी एक अट घातली. पुढचा गेम असा हवा की तो घरात कोणालाच येत नाही, आणि ज्यात बाबांना सगळं दिसत नाही. असे गेम आहेत. 'कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स' हा 2015 चा गेम त्यातला एक. एकाच्या स्क्रीनवर बॉम्ब असतो, तो निकामी कसा करायचा याची पुस्तिका बाकीच्यांकडे. स्क्रीनवाल्याने पुस्तिका बघायची नाही, पुस्तिकावाल्यांनी स्क्रीन बघायची नाही. फक्त बोलायचं. पुस्तिका फुकट मिळते, छापून घेता येते, लॅपटॉप एक पुरतो. 'बॉम्बचा गेम?' म्हणून आईने नाक मुरडलं. रक्तपात काही नाही, हे आधी कोणीतरी खेळताना यूट्यूबवर दहा मिनिटं बघून खात्री करा म्हटलं. हे मी प्रत्येक गेमसाठी सांगते. शिक्क्यावरून जे कळत नाही ते त्या दहा मिनिटांत कळतं.

बाबांना स्क्रीनपाशी बसवलं, पुस्तिका थोरल्याच्या हातात. पुस्तिकेत नियम असे: तीन वायरी असतील आणि त्यात लाल एकही नसेल, तर दुसरी कापायची. बाबा वर्णन करायला लागले, की डावीकडे असं आहे, वर बॅटरी दिसतेय, मला वाटतं आपण आधी... थोरला म्हणाला, "बाबा, लाल वायर आहे का, तेवढंच सांग. बाकी काही सांगू नकोस." आई म्हणाली, हे वाक्य त्याने किती चवीने उच्चारलं ते बघायला हवं होतं. बाबांनी घाईत पहिली वायर कापली. चूक. पुढे तो बॉम्ब फुटला आणि त्यानंतरचेही फुटले, पण कोणी रुसलं नाही, कारण चूक सगळ्यांचीच होत होती.

आजोबा तोवर सोफ्यावरून पेपरच्या आडून ऐकत होते. या गेममध्ये एक भाग मोर्स कोडचा, म्हणजे तारेसाठी वापरायच्या छोट्या-मोठ्या खुणांच्या लिपीचा आहे; दिवा लुकलुकतो, त्यावरून शब्द ओळखायचा. आजोबांची नोकरी तार खात्यातली. आपल्याकडची तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली, पण तरुणपणी शिकलेलं कडकट्ट बोटांत राहिलेलं. ते म्हणाले, "दिवा-बिवा मला कळत नाही. टेबलावर वाजवून दाखव." धाकटी स्क्रीनवर बघून बोटाने टेबलावर वाजवायला लागली, छोटं, छोटं, मोठं, आणि आजोबा अक्षरं सांगायला लागले.

हे ऐकून कोणालाही गहिवरून येईल. पुढचं सांगते. त्यानंतर आजोबा पुस्तिका सोडेनात. दुसऱ्या रविवारी त्यांनी ती स्पायरल बाइंडिंग करून आणली, पेन्सिलने खुणा केल्या, आणि थोरल्याला "थांब रे, मला वाचू दे" म्हणायला लागले. थोरला चिडला, उठून गेला. म्हणजे बाबांची जागा आजोबांनी घेतली होती. यावर उपाय मुलानेच काढला: दर बॉम्बनंतर जागा बदलायच्या, अपील नाही. आजोबांनी कुरकुरत मान्य केलं.

बीजीएमआय सुटला का? नाही. आणि तो सुटावा हे उद्दिष्ट मी पहिल्याच भेटीत बाजूला ठेवायला लावलं होतं. आईची एक सवय मात्र बदलली. "पाच मिनिटांत जेवायला ये" ही हाक त्या गेममध्ये निरर्थक असते. एक सामना अर्ध्या तासापर्यंत चालतो, मध्ये थांबवता येत नाही, आणि मध्येच उठलं तर टीममधल्या मित्रांचं नुकसान होतं. आता आई आठ वाजता विचारते, "हा शेवटचा ना?" आणि तो पुढचा सामना सुरूच करत नाही. बहुतेक दिवशी. गेममधल्या खरेदीसाठी फोनवर पासवर्ड लावला, तो आईकडे. मुलाने फारशी हरकत घेतली नाही, कारण ते त्याच्यासमोर बसून, त्याला सांगून केलं.

झोप उडालेली, शाळा बुडतेय, घरातले पैसे न सांगता खर्च होतायत, गेम काढून घेतल्यावर मूल स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याची भाषा बोलतंय, असं दिसत असेल तर मात्र रविवारच्या खेळाने भागणार नाही. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

बेंगळुरूचं अजून ठरलेलं नाही. त्यासाठी नवराबायको दोघंच येतात, तो विषय वेगळा. दिवाळीच्या सुट्टीत थोरल्याला 'राजी' खेळायचाय. 2020 चा हा गेम पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला. राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधायला निघालेल्या मुलीची गोष्ट. एकट्याने खेळायचा आहे, वयाचा शिक्का त्याला चालण्यासारखा. आईने शेजारी बसून बघायचं ठरलंय, गेममध्ये मरेल तिथे कंट्रोलर तिच्या हातात. बाबांनी विचारलं, "मग मी काय करू?" मी म्हटलं, तुम्हीही बसा. सल्ला मात्र त्याने विचारला तरच द्या.