गाडीतली वही

आपली मुलगी नववीत आहे, सहा वर्षांपासून टेनिस खेळते आणि यंदा पाच स्पर्धांत पहिल्याच फेरीत हरली. त्यामुळे तिला शाळेतून काढून पूर्णवेळ सरावाला लावावे का, असे आपण विचारले आहे. मात्र सामना चालू असताना तिची प्रत्येक चूक आपण वहीत टिपता आणि परतताना गाडीत ती यादी तिला वाचून दाखवता, हे वाचून मी फार अस्वस्थ झाले. चुका दाखवायला तिचे प्रशिक्षक आहेत. हरून आलेल्या चौदा वर्षांच्या मुलीला त्या वेळी वडिलांकडून पाणी, खाणे आणि सोबत हवी असते. ही वही कृपया आजच बंद करा.

आपण रॉजर फेडरर यांचा दाखला दिला आहे, म्हणून त्यांचेच म्हणणे सांगते. जून २०२४ मध्ये डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात त्यांनी सांगितले की, कारकिर्दीतील १५२६ एकेरी सामन्यांपैकी जवळपास ८० टक्के सामने ते जिंकले, पण गुण मात्र केवळ ५४ टक्केच जिंकले. म्हणजे वीस ग्रँड स्लॅम विजेतेपदे मिळवणाऱ्या या खेळाडूने जवळजवळ दर दुसरा गुण गमावला. खेळताना तो गुण सर्वांत महत्त्वाचा मानावा आणि संपला की मागे टाकावा, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. २०१९ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात तर जोकोविच यांच्या २०४ गुणांविरुद्ध २१८ गुण जिंकूनही ते हरले. गमावलेला गुण विसरून पुढची सर्व्हिस घेण्याची जी सवय तिला लागायला हवी, तीच आपली वही रोज मोडते आहे.

'फेडररनेही सोळाव्या वर्षी शाळा सोडली', या आपल्या वाक्यात मोठा गैरसमज आहे. स्वित्झर्लंडमध्ये साधारण त्याच वयात सक्तीचे शालेय शिक्षण संपते. लहानपणी ते फुटबॉलही खेळत, आणि चौदाव्या वर्षी घर सोडून राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रात जाण्याचा निर्णय त्यांचा स्वतःचा होता. शाळा सुटली ती त्यानंतर. ती सोडल्यामुळे खेळ आला नाही. आपल्याकडचेच उदाहरण हवे असेल, तर ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकत तेथील संघाकडून खेळल्या आणि पुढे २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णा यांच्यासह मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले.

तेव्हा शाळा सोडवू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. वेळ अपुरा पडू लागला, तर मुक्त विद्यालयातून दहावी देण्याचा मार्ग आहेच.

आपल्या तीन पानी पत्रात खर्च आहे, मानांकन आहे, आपले स्वप्नही आहे. तिला खेळायचे आहे की नाही, एवढे मात्र कोठेही नाही. पुढचे पत्र तिला स्वतः लिहू द्या, आणि पाठवण्यापूर्वी ते वाचायला मागू नका.