कोल्ड फ्युजनचं मशीन तयार आहे का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

कोल्ड फ्युजन म्हणजे हलके अणू साध्या तापमानालाच एकमेकांत जोडून (फ्युजन) उष्णता मिळवता येते, हा दावा. गेले काही आठवडे यावरचा तोच गोंधळ वेगवेगळ्या तोंडून माझ्यापर्यंत येतोय, म्हणून सगळे प्रश्न एकत्रच घेतोय.

प्रश्न (दादर): सर, कोल्ड फ्युजनचा गीझर घरी बसवायला कधी मिळेल?

आज मिळत नाही, आणि कोणी तारीख सांगत असेल तर ती धरून बसू नका. जुना गीझर बिघडला असेल तर इलेक्ट्रिशियनला दाखवा.

प्रश्न (चेंबूर): आमचे काका म्हणतात, ट्रॉम्ब्याला बीएआरसीत (भाभा अणुसंशोधन केंद्रात) हे कधीच सिद्ध झालंय. खरंय का?

प्रयोग झाले हे खरं, सिद्ध झालं हे नाही. २३ मार्च १९८९ ला अमेरिकेत यूटा विद्यापीठात फ्लाइशमन आणि पॉन्स या रसायनशास्त्रज्ञांनी पत्रकार परिषद घेतली, जड पाण्यात (ज्यात साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम हा जड हायड्रोजन असतो) पॅलेडियम धातूची कांडी बुडवून वीज सोडली तर घातलेल्यापेक्षा जास्त उष्णता येते म्हणाले. त्याच वर्षी बीएआरसीत, डॉ. पी. के. अय्यंगार संचालक असताना, बऱ्याच गटांनी हे करून बघितलं आणि न्यूट्रॉन, ट्रिटियम या फ्युजनच्या खुणा सापडल्याचं कळवलंही. पण हवं तेव्हा, दुसऱ्याच्या लॅबमध्ये, तेच पुन्हा यायला हवं, ते आलं नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९८९ आणि २००४ असं दोनदा तपासलं, पटण्यासारखा पुरावा मिळाला नाही. गूगलच्या पैशावर काम केलेल्या गटानेही २०१९ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात हेच लिहिलं. काका त्या काळात तिथे असतील तर त्यांच्याकडून सगळं ऐकून लिहून ठेवा, ते फार मोलाचं आहे. फक्त त्यावर पैसे लावू नका.

प्रश्न (बोरिवली): बाबा नुकतेच रिटायर झालेत. एका हॉलमध्ये डेमो बघितला, मशीनमधून जोरात वाफ येत होती आणि मीटरवर वीज अगदी कमी. डीलरशिपसाठी अकरा लाख डिपॉझिट मागतायत, महिनाअखेरच्या आत भरलं तर सूट. भरू का?

नाही. आणि का नाही ते पूर्ण वाचा, कारण माझी सगळी नोकरी बॉयलर टेस्टिंगमध्ये गेली आणि वाफ बघून भुलणारी माणसं बघितली की जीव तुटतो. वाफ दिसली म्हणजे उष्णता किती ते कळलं, असं नसतं हो. एक किलो पाणी २० डिग्रीवरून १०० वर न्यायला साधारण ३३५ किलोज्यूल लागतात, पण त्याच सगळ्या पाण्याची वाफ करायला वर आणखी २,२५७. म्हणजे नळीतून नुसतं उकळतं पाणीच थोड्या वाफेबरोबर बाहेर पडत असेल आणि हिशोब करणाऱ्याने सगळ्याची वाफ झाली असं धरलं, तर आकडा सात-आठपट फुगतो, मशीनमध्ये साधा हीटर असला तरी. कुकरच्या शिटीबरोबर ओट्यावर पाणी उडतं ना, तसंच. २०११ मध्ये इटलीत बोलोन्याला आंद्रेआ रॉसीच्या ई-कॅट या अशाच दाव्याच्या मशीनचा डेमो झाला तेव्हा नेमका हाच आक्षेप आला होता, कारण वाफ कोरडी असल्याचं हवेतला ओलावा मोजायच्या प्रोबवरून सांगितलं गेलं, आणि त्या प्रोबला वाफेतले थेंब कळत नाहीत. पुढे त्या मशीनवरून २०१६ मध्ये अमेरिकेत खटला उभा राहिला आणि २०१७ ला तडजोडीत मिटला.

मोजायचं कसं? वाफ थंड पाण्याच्या पिंपात सोडा, पाणी किती तापलं आणि वजन किती वाढलं ते बघा, पिंप, वजनकाटा आणि थर्मामीटर, बस. वीज मोजताना मीटर तुमचा, माणूस तुमचा, आणि आत जाणारी प्रत्येक वायर तपासायची, अर्थिंगचीसुद्धा. याला नाही म्हणाले तर उठून या. आणि ही महिनाअखेरची घाई कशासाठी? विचारायला वेळ मिळू नये म्हणूनच. सही करण्याआधी वकील आणि सीए दोघांनाही कागद दाखवा, आणि पैसे आधीच दिले असतील तर एक दिवसही न घालवता पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत जा.

प्रश्न (मुलुंड): पण पेटंट मिळालंय ना?

रॉसीला २०१५ मध्ये अमेरिकेत मिळालं, ‘फ्लुइड हीटर’ या नावाने. मशीन सांगितल्याप्रमाणे चालतं याची हमी पेटंट ऑफिस देत नाही. कोणी पेटंट पुढे केलं तर पेटंट वकिलाकडून वाचून घ्या.

प्रश्न (घाटकोपर): यातून रेडिएशनचा धोका असतो का?

ड्युटेरियमचं नेहमीचं फ्युजन खरंच होत असेल तर नुसत्या एका वॅटला सेकंदाला जवळपास एक लाख कोटी न्यूट्रॉन बाहेर पडतात. तसं मशीन जाड शिल्डिंगशिवाय माणसांत ठेवताच येणार नाही, त्यामुळे विकणाऱ्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लेखी मागा. तो म्हणाला की आमच्यात न्यूट्रॉनच नाहीत, तर मग उष्णता कशातून येते ते त्याने दाखवायला हवं. कुठूनतरी आणलेला असा डबा घरी उघडू मात्र नका.

प्रश्न (मालाड): मी बारावीत आहे, यात करिअर करू का?

आधी फिजिक्सची डिग्री घे, उष्णता मोजायला शीक. फ्युजनच हवं असेल तर गांधीनगरच्या इन्स्टिट्यूट फॉर प्लाझ्मा रिसर्चमध्ये गरम फ्युजनवर, म्हणजे प्रचंड तापमानाला होणाऱ्या फ्युजनवर, खरं काम चालतं. कॉलेजच्या सरांशी बोल आणि मग ठरव.