माईला काय सांगायचं

प्रिय बाय,

रविवारी चर्चमधून येताना गाडीत तू विचारलंस, "आई, तू खरंच मानतेस म्हणून मला नेतेस, की फोनवर माईला काय सांगायचं म्हणून?" मी म्हटलं, सीटबेल्ट लाव. तो तू केव्हाच लावला होतास. मग तुझ्या बाबानं रेडिओ लावला आणि विषय मिटला. माझा नाही मिटला. तीन दिवस वॉर्डात औषधांची ट्रॉली ढकलताना तेच डोक्यात. तोंडी सांगायला गेले की माझं लेक्चर होतं, म्हणून लिहिते. मराठी वाचायला तुला वेळ लागेल. लागू दे, तेवढा वेळ तरी चिडणार नाहीस.

तू दीड वर्षाची असताना पडवीत म्हशीला बघून रडलीस, तो फोटो आहे ना, त्या खानापूरकडच्या घरात आमचा रोज दिवेलागणीला तेर्स व्हायचा. इथं आयर्लंडमध्ये रोझरी म्हणतात तोच, माळेवरचा जप. भिंतीवर लाकडी अल्तार, खाली चटई. दिवे गेलेले असले (असायचेच) तर रॉकेलची चिमणी. माई, म्हणजे माझी आई, पुढं, आम्ही तिघं भावंडं मागं. शाळा मराठी, तलाठ्याकडचे कागद कन्नड आणि देवाशी बोलणं कोंकणीत, कारण आमचे पूर्वज कधीतरी गोव्यातून घाट चढून वर आले. "नमान मोरिये", म्हणजे इथलं हेल मेरी, पन्नासदा, दहा-दहांची पाच दशकं, वर आणखी तीनदा. माईच्या जपमाळेचा एक मणी फुटला होता, तिथं तिनं दोऱ्याची गाठ मारली होती. तिसऱ्या दशकात बोट त्या गाठीवर आलं की ती क्षणभर अडखळायची आणि आम्ही समजायचो, अजून निम्मं बाकी आहे. कुणी पेंगलं की चिमटा. दंडाच्या आतल्या बाजूला, म्हणजे निळं पडलं तरी बाहीखाली झाकतं. मी तेव्हा देवाचं चिंतन करत होते असं सांगितलं तर तू हसशील. मी चुलीवरच्या सुक्या बांगड्याचं चिंतन करत होते.

शेवटी एकेकानं माईपुढं जाऊन हात जोडायचे, "बेसांव दी", आशीर्वाद दे, म्हणायचं. ती डोक्यावर हात ठेवायची. हाताला कांद्याचा वास. शेजारच्या माळकरी आजोबांची नातवंडं त्याच वेळेला त्यांच्या पाया पडायची. आम्हाला दोन्हीत काही वेगळं वाटायचं नाही.

पपा चटईवर कधी बसले नाहीत. बाहेर कट्ट्यावर ट्रान्झिस्टर कानाशी धरून आकाशवाणी सांगली ऐकायचे, आवाज मात्र बारीक. माईनं त्यांना कधी आत बोलावलं नाही. पण नोव्हेंबर संपत आला की हेच पपा खांद्याला पिशवी अडकवून चालत जुन्या गोव्याला निघायचे. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, साखळी, असं करत ३ डिसेंबरच्या फेस्ताला गोंयच्या सायबासमोर हजर. म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियर, त्यांच्या शवपेटीसमोर. माळकरी आजोबा आषाढीला पंढरपूरला जायचे, आमचे पपा गोव्याला. परत आले की दोघं मिळून पायाच्या फोडांची चर्चा करायचे, एरंडेल लावावं की खोबरेल. का जाता, असं मी एकदा विचारलं. "चालायला बरं वाटतं," एवढंच म्हणाले. मला वाटतं खरं काय ते त्यांनाही नीट ठाऊक नव्हतं, आणि त्यांचं त्यावाचून काही अडत नव्हतं.

तुझ्या त्या मराठी मंडळातल्या काकूंनी विचारलं होतं ना, "तुम्ही मराठी, मग ख्रिश्चन कसे?" तेव्हा मी नुसती हसले होते. खरं तर सांगायला हवं होतं की १६१६ साली फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइट पाद्र्यानं ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत रचून गोव्यात राचोलला छापली. पण आपल्याकडे हा गुंता इतका रोजचा आहे की कुणाला समजावून सांगायचं सुचतच नाही. १९५३ साली बेळगाव धर्मप्रांत झाला, १९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. मग व्हॅटिकन काउन्सिलनं, म्हणजे रोमला भरलेल्या जगभरच्या बिशपांच्या सभेनं, मिस्सा, चर्चमधली रविवारची उपासना, मातृभाषेत म्हणायला मोकळीक दिली. तोवर माई लॅटिन ऐकायची, फादर पाठमोरे, समजायचं काही नाही. आता मातृभाषेत म्हणा म्हटल्यावर आमच्याकडं पहिला प्रश्न, कुणाच्या? कोंकणी, मराठी, कन्नड, कॅम्पात इंग्रजी. एका छपराखाली देव एक आणि वेळापत्रक चार. १ नोव्हेंबरला तर मजाच. सर्व संतांचा सण, कर्नाटकचा राज्योत्सव आणि मराठी लोकांचा काळा दिवस, तिन्ही एकाच तारखेला. पपा दंडाला काळी फीत बांधून सायकल फेरीला निघायचे आणि माई ओरडायची, "सणाच्या दिवशी काळं कशाला की!" दुसऱ्या दिवशी दोघं मुकाट्यानं दफनभूमीत मेणबत्त्या लावायला जायचे.

बघ, तू विचारलंस एक आणि मी सांगत बसले भलतंच.

तू म्हणालीस, बाप्तिस्मा करताना मला कुणी विचारलं होतं? विचारलं होतं ग, पण मला. तू पाच आठवड्यांची, मी बाळंतपणाला माहेरी. फादरांनी आधी नाव विचारलं. मग आमच्या दोघांकडे बघून विचारलं, या मुलीला श्रद्धेत वाढवायची जबाबदारी तुम्ही घेताय, ती काय असते हे समजतंय ना? मी "होय" म्हटलं. टाके दुखत होते, तू रडत होतीस, कधी एकदा बसते असं झालं होतं. पण म्हटलं ते म्हटलं. १९६५ साली काउन्सिलनं शिक्षणाबद्दल जे लिहिलं त्यात आईबाप हेच मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक असं आहे. माईनं ते वाचलेलं नाही. तिला चटई आणि चिमटा पुरे होता.

इथं तुमचं सगळं शाळा बघते. कम्युनियनची तयारी शाळेत, आता सहावीत कन्फर्मेशनची, म्हणजे बाप्तिस्म्याची श्रद्धा पक्की करायच्या विधीची, तयारीही शाळेत. आईबापांनी कॅमेरा घेऊन यायचं. तू म्हणतेस वर्गात सगळे भेटीच्या पाकिटातल्या पैशांसाठी करतात. करोत बापडे. मी नावं ठेवत नाही (थोडी ठेवते), पण मग माझं काम काय उरलं, हे मलाही कळत नाही.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. तो का झोंबला ते सांगते. बेंगळुरूला नोकरी लागली तेव्हा मी पाच वर्षं मिस्साला गेले नाही. रविवारी झोपायचे. दुपारी एसटीडी बूथवरून घरी फोन. माई विचारायची, "इगर्जीत गेलतीस?" मी म्हणायची, "गेलते." वाचन काय होतं असं तिनं विचारलं तर काय, म्हणून रूममेटकडून तेवढं विचारून ठेवायची. माईनं कधी विचारलं नाही. तिला कळत असणार. म्हणजे माईला काय सांगायचं, हे मी तुझ्या आधी पुष्कळ केलंय.

मग इथं कॉर्कला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात, नाइट ड्यूटीवर, एक म्हातारी होती. सकाळपर्यंत राहणार नव्हती, घरचे वाटेत होते. हातात जपमाळ, पण बोटं चालेनात. मला म्हणाली, म्हण माझ्याबरोबर. मला इंग्रजीत सुरुवातच आठवेना. तोंडातून आलं, "नमान मोरिये, कुर्पेन भरलेले". तिनं डोळे न उघडता पुढचं अर्धं इंग्रजीत म्हटलं. असं आम्ही बरंच गेलो, मी कोंकणीत, ती इंग्रजीत. तिची माळ माझ्या हातात होती आणि तिसऱ्या दशकात माझं बोट गाठ शोधायला लागलं.

त्याला मानणं म्हणतात का, मला सांगता येणार नाही. त्या महिन्यापासून मी परत जायला लागले आणि तुला कडेवर घेऊन जायला लागले, एवढं खरं. माईसाठी की माझ्यासाठी, हे वेगळं काढायला गेले तर निघत नाही. तुझ्यासाठी म्हणावं तर ते तू ठरवणार.

कन्फर्मेशनचा फॉर्म फ्रिजवर आहे. शाळेनं महिनाअखेरपर्यंत मागितलाय. संताचं नाव तुलाच निवडायचंय, आणि नको असेल तर तसंही सांग, मी मॅडमशी बोलेन. थोडी रडेन, पण ते तुझ्यावर घेऊ नकोस, मी जाहिराती बघूनही रडते. बाबाचं मत वेगळं आहे, तो म्हणतो करून टाक. त्याच्याशी तू वेगळं बोल.

रविवारी माईचा फोन येईल, ती विचारेलच. काय सांगायचं ते तूच सांग. मी बाजूला बसेन, मध्ये बोलणार नाही. चिमटाही काढणार नाही.

तुझी,
आई